बारा म्हणजे बारा: कॅराव्हानवाल्यांनी निघायचं कधी आणि जागा कोणाला कशी द्यायची

खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे, चोरलच्या बाजूला माझ्या भाच्याची थोडी शेती आहे आणि बऱ्याच दिवसांपासून त्याच्या मनात आहे की तिथे पाच-सहा कॅराव्हान उभ्या राहतील अशी सोय करायची. कल्पना मला खरंच चांगली वाटते. पावसाळ्यात अर्धं इंदूर पाताळपाणी नाहीतर चोरलकडे पळतं, हल्ली लोक ट्रॅव्हलर नावाच्या मिनीबसमधे बेड-किचन बसवून फिरायला लागलेत, आणि ट्रॅव्हलर तर आपल्या पीथमपूरलाच बनते. शिवाय २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे, तेव्हा स्वतःची गाडी घेऊन येणारे इंदूरच्या चारही बाजूंना जागा शोधत फिरणार आहेत. तर भाचा माझ्याकडे आला, म्हणाला मावशी तू लेकीकडे इंग्लंडला गेलीस की कॅराव्हानमधूनच फिरतेस, मला सांग तिथे लाइट किती अँपियरची देतात, पाणी कसं भरतात, टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करतात. सगळं सांगितलं. पण जे त्यानं विचारलं नाही तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते नीट सांगायचं म्हणून हे लिहितेय: आलेल्या माणसानं किती वाजता निघायचं, आणि कोणती जागा कोणाला द्यायची हे कोणी ठरवायचं.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिकडे बहुतेक लोकांची कॅराव्हान म्हणजे कारच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणि ज्यात इंजिन गाडीतच असतं ती मोटरहोम. साईटवर, म्हणजे या गाड्या मुक्कामाला उभ्या करायच्या ठिकाणी, प्रत्येकाला एक आखलेली जागा मिळते तिला पिच म्हणतात. काही पिच गवतावरच्या, काही खडी घालून पक्क्या केलेल्या, त्यांना हार्डस्टँडिंग म्हणतात. बाजूला विजेचा खांब असतो, बहुतेक १६ अँपियरचा. कॅराव्हानवाल्यांच्या क्लबच्या साईटवर जमिनीत एक खुंटी असते आणि कॅराव्हानचा ठरलेला कोपरा त्या खुंटीला लागेल अशीच ती उभी करायची, कारण दोन कॅराव्हानमधे ६ मीटर अंतर राहायलाच पाहिजे. एक पेटली तर दुसरीपर्यंत आग जाऊ नये म्हणून. म्हणजे सरकून बसा, एक गाडी अजून घुसवू, हा प्रकार तिथे चालतच नाही. जागा मोजून तेवढ्याच. आणि जागा मोजक्या आल्या की मग वेळ आलीच, कारण एकच जागा आज एकाची, उद्या दुसऱ्याची.

हे तिथे खूप जुनं आहे. १८८५ मधे डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या माणसानं ब्रिस्टलला ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची कॅराव्हान बनवून घेतली होती आणि ती घेऊन थेट स्कॉटलंडपर्यंत गेला होता, तेव्हा तो कुठेही थांबू शकत होता. १९०७ मधे कॅराव्हान क्लब निघाला, गाड्या वाढत गेल्या, मग १९६० मधे साईटसाठी कायदा आला. त्याच कायद्यातली एक सोय भाच्याच्या कामाची आहे: मान्यता असलेल्या क्लबनी सर्टिफिकेट दिलं तर एखादा शेतकरी आपल्या शेतात एका वेळी पाच कॅराव्हानपर्यंत ठेवू शकतो, मोठ्या साईटसारखं लायसन्स वगैरे न काढता. लेक-जावई अशाच छोट्या शेतांवर जास्त जातात, शेतकऱ्याच्या अंगणात चहा होतो, अंडी विकत मिळतात. मला स्वतःला त्याच जागा आवडतात. आणि पाचच जागा असल्या की एका माणसाचा दोन तास उशीर सगळ्यांना लागतो.

आता वेळेचं. क्लबच्या साईटवर साधारण दुपारी १२ च्या आत निघायचं आणि नवीन येणाऱ्यानं १ नंतर यायचं. खाजगी कितीतरी साईटवर मात्र सकाळी १० ला निघा आणि ३ नंतर या. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, पण हिशोब करून बघा. समजा तुम्ही शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्रींचे पैसे भरले. १ ते १२ वाल्या साईटवर तुम्हाला शुक्रवारी दुपारी १ पासून रविवारी दुपारी १२ पर्यंत ४७ तास मिळतात. ३ ते १० वाल्या साईटवर ४३. पैसे दोन रात्रींचेच. दहा ते तीन मधले पाच तास कशाला लागतात विचारलं की सांगतात साफसफाई. हॉटेलमधे मी समजू शकते, चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायचं, पण पिचवर काय असतं? कचरा राहिलाय का बघायचं, खडी दाताळ्यानं सारखी करायची, विजेच्या खांबावर एक नजर टाकायची. दहा मिनिटांचं काम. तर हा नियम हॉटेलकडून जसाच्या तसा उचललाय आणि कॅराव्हानवाल्याचा अर्धा दिवस त्यात जातो, हे मला अजिबात पटत नाही.

उलट सकाळी निघणाऱ्याला किती काम असतं ते बघा. ऑनिंग म्हणजे दाराबाहेरचा तो तंबूसारखा मांडव, तो रात्रीच्या दवानं ओला असतो, ओला गुंडाळला की बुरशी धरते, म्हणून वाळायची वाट बघायची. मग पाण्याचं पिंप रिकामं, सांडपाण्याची टाकी रिकामी, टॉयलेटची कॅसेट म्हणजे खालची काढता येणारी टाकी नेऊन धुवायची, गॅस बंद, वीज काढायची, चार कोपऱ्यांचे पाय वर करायचे, कार मागे घेऊन जोडायची, ब्रेकची सेफ्टी केबल लावायची, मागचे लाइट लागतात का एकानं मागे उभं राहून बघायचं. यातलं काही घाईत राहिलं तर रस्त्यावर जीवाशी गाठ. दहा वाजता बाहेर म्हणजे सहाला उठा. लहान मुलं असलेल्या घराला ते जमत नाही आणि म्हातारी माणसं असलेल्याला पण नाही.

मधला तास मात्र पाहिजेच, तो कोणी वाया गेलेला समजू नये. पंगतीसारखं आहे हे, पहिली पंगत उठते, पत्रावळी उचलतात, जमीन पुसतात, मगच दुसरी बसते, आणि बसलेल्याच्या मागे कोणी ताटकळत उभं राहिलं तर दोघांचंही जेवण बिघडतं. लोक लवकर येऊन गेटवर थांबले तर अजून एक त्रास असतो. साईटकडे जाणारे रस्ते गावाकडचे, एक गाडी जाईल एवढेच रुंद, दोन्ही बाजूंना झुडपं, आणि कॅराव्हान जोडलेली कार मागे घेणं सोपं नाही. तीन कॅराव्हान रांगेत उभ्या राहिल्या की गावातला ट्रॅक्टर अडकतो आणि बाहेर निघणारेही आतच अडकतात. म्हणून लवकर येऊ नका हे इतकं कडक सांगतात. लांबून येणाऱ्याला वेळ सांभाळणं तसं कठीण आहे कारण ओढणाऱ्या गाडीला मोटरवेवर सुद्धा ताशी ६० मैलच चालवता येतं आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमधे जाताच येत नाही. तर वेळ पाळायची ती दोन्ही बाजूंनी, पण आधी जाणाऱ्यानं.

जर्मनीत तर कितीतरी साईट दुपारी १ ते ३ फाटकच बंद ठेवतात, झोपायची वेळ, गाडी आत नाही बाहेर नाही. तिथे बाराला निघायचा नियम आपोआप पाळला जातो कारण एक वाजला की तुम्ही आतच. मला हे आवडलं.

एकदा इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगराळ भागातल्या एका साईटवर आमचं टॉयलेट ब्लॉकजवळच्या हार्डस्टँडिंगचं बुकिंग होतं, आमच्या यांच्या गुडघ्यांमुळे लेकीनं फोन करून मुद्दाम ती जागा सांगून ठेवली होती. आम्ही दोनच्या सुमाराला पोचलो तर त्या जागेवर एक बाई, वयानं माझ्यापेक्षा मोठी, एकटी, एक कुत्रा, आणि ऑनिंग दोरीवर वाळत घातलेलं. सकाळी पाऊस झाला होता. तिनं सकाळच्या वॉर्डनला, म्हणजे साईट सांभाळणाऱ्या माणसाला, विचारलं होतं, त्यानं तीनपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि दुपारी ड्यूटी बदलली तर दुसऱ्याला त्यातलं काहीच माहीत नाही. आम्ही उशिरा येणाऱ्यांसाठी असते त्या जागेत गाडी लावून बसलो, मागे अजून दोन गाड्या येऊन लागल्या, शेवटी वॉर्डननं आम्हाला लांबच्या कोपऱ्यात उतारावरच्या गवतावर पाठवलं. रात्री यांना टॉर्च घेऊन ओल्या गवतातून टॉयलेटला न्यायला जावई दोनदा उठले. ती बाई निघतानाच आमच्याकडे येऊन गेली, बिचारीला इतकं वाईट वाटलं होतं. तिचा काय दोष, तिनं तर विचारूनच केलं. मला राग आला तो तोंडी दिलेल्या सवलतीचा. सवलत द्या, म्हातारीला नाही द्यायची तर कोणाला द्यायची, पण ती वहीत लिहा आणि त्या जागेवर पुढे कोण येणार आहे त्याला फोन करून सांगा, किंवा देण्याआधी बघा की त्या जागेचं आजचं बुकिंग आहे का. बुकिंग असेल तर ती सवलत तुमच्या हातातली राहतच नाही, ती पुढच्या माणसाच्या खिशातून दिली जाते.

पैसे घेऊन उशिरापर्यंत थांबू देणं हे पण काही साईट करतात. मला त्यात गैर वाटत नाही, जागा त्या दिवशी रिकामी असेल तर. रेट बोर्डावर लावा, सगळ्यांना सारखा. विचारणाऱ्याला मिळतं आणि न विचारणारा बाराला निघून जातो असं व्हायला नको, कारण नवीन माणसाला विचारायचं असतं हेच माहीत नसतं.

आता जागा कोणती कोणाला, यावर माझं आणि जावयांचं एकमत होत नाही. त्यांच्या क्लबमधे पद्धत अशी की बुकिंग करताना गवत का हार्डस्टँडिंग एवढंच सांगायचं, आणि पोचल्यावर रिकाम्या असतील त्यातली आपल्याला आवडेल ती घ्यायची. जावई म्हणतात, आई, यातच मजा आहे, कोणाला सोलर पॅनलसाठी ऊन पाहिजे, कोणाला डिशसाठी झाडं नकोत, कोणाला कुत्र्यासाठी गेटजवळ पाहिजे, ऑफिसमधे बसलेल्या माणसाला हे काय कळणार. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण मी शुक्रवारी संध्याकाळी बघते ना कोण येतं ते. पाचला ऑफिसमधून निघालेलं, शाळेतून मुलं उचललेलं, ट्रॅफिकमधे अडकलेलं कुटुंब साडेसातला गेटवर पोचतं आणि त्यांच्यासाठी काय उरलेलं असतं? कचऱ्याच्या डब्यांशेजारची नाहीतर रस्त्याच्या आवाजाची. नदीकाठच्या सगळ्या जागा दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी रिटायर्ड लोकांनी घेतलेल्या. दोघांनी पैसे सारखेच भरलेत, बुकिंग तर कदाचित त्या कुटुंबानं आधी केलेलं. मी स्वतः रिटायर्ड आहे, मला एकला पोचणं सोपं आहे, म्हणूनच सांगते की आधी पोचणं हा काही हक्क नाही, ती फक्त सवड आहे. त्यात पुन्हा काही जण गुरुवारी रात्री रिकामी कॅराव्हान आणून लावून जातात आणि स्वतः शनिवारी येतात, जागा धरून ठेवायला. पैसे भरले म्हणून ते चालतं असं मला वाटत नाही. राहायची जागा आहे ती, रुमाल टाकायची नाही.

अमेरिकेत उलटं टोक. योसेमिटी नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी जागेचं बुकिंग महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ ला उघडतं आणि मिनिटांत संपतं. म्हणजे ज्याचं इंटरनेट फास्ट आणि ज्याला त्या वेळी कामावर नसायची सोय, त्याला जागा. तिथे नॉर्थ पाइन्स नावाच्या कॅम्पग्राउंडसाठी त्यांनी लॉटरी पण करून बघितली, अर्ज आधी घ्यायचे आणि चिठ्ठी निघेल त्याला आधी बुकिंग करायला मिळेल. चिठ्ठीत कोणाची सवड बघितली जात नाही, म्हणून मला ती आवडते, पण ती सगळ्या जागांसाठी नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाची टॉयलेटजवळची जागा चिठ्ठीवर सोडता येत नाही.

आपल्याकडे शेगावच्या भक्तनिवासात बघा. आगाऊ बुकिंग नाही, आल्यावर नंबरानं खोली, आणि ही नको ती द्या असं कोणी काउंटरवर म्हणत नाही. हजारो लोक येतात आणि भांडण दिसत नाही. तिथे पहिला येतो त्याला आधी मिळते हे खरं, पण कोणती मिळते ते काउंटर ठरवतं, आणि ते सगळ्यांसाठी तसंच आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या लोकांना शिस्त नाही वगैरे जे म्हणतात त्यांनी तिथल्या रांगेत उभं राहून यावं.

तर भाच्याला मी जे सांगितलं ते असं. जागा तू द्यायची, आलेल्यानं निवडायची नाही, पण बुकिंगच्या वेळीच चार प्रश्न विचारून घ्यायचे की गाडी किती लांब, किती वजनाची, सोबत कोणाला चालायचा त्रास आहे का, आणि किती वाजेपर्यंत पोचाल. टॉयलेटजवळची जागा ज्याला गरज आहे त्याची, कोणी नसेल तरच दुसऱ्याची. जड गाडी पक्क्या जागेवर. हे आपल्याकडे इंग्लंडपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे कारण माळव्याची काळी माती पावसात काय करते ते आपल्याला माहीत आहे, जुलैमधे बेड-किचन-पाण्याची टाकी भरलेली ट्रॅव्हलर शेतात उभी केली की सकाळपर्यंत चाकं रुतलेली, मग बारा वाजता निघायचं म्हणून कितीही म्हटलं तरी ट्रॅक्टर येईपर्यंत ती हलणार नाही आणि पुढचा माणूस फाटकावर. म्हणजे वेळ पाळायची असेल तर आधी मुरूम टाक. निदान चार जागांवर चांगला दाबून मुरूम, आणि गवतावर फक्त तंबू नाहीतर हलक्या गाड्या, ते पण पाऊस नसताना. बाकी उरलेल्या जागांमधली चांगली कोणाला, तर ज्याचं बुकिंग आधी त्याला, पोचायला रात्र झाली तरी.

वेळ मी त्याला बारा आणि एकच सांगितली. थंडीत आपल्याकडे पण दव पडतं, दहा-अकराला ऊन लागून सगळं वाळतं, बारा बरोबर बसतं. पावसाळ्यात सकाळी निघायची घाई कोणालाच नसते. फक्त एप्रिल-मे मधे बदल, तेव्हा चाळीसच्या वर तापमानात भर बारा वाजता सामान बांधायला लावणं चूक आहे, तेव्हा सकाळी ९ ला निघा आणि संध्याकाळी ५ नंतर या, आणि तास कमी मिळतात तर त्या दिवसांत पैसेही कमी घे. भाचा यावर जरा गप्प झाला पण मी हिशोब कागदावर मांडून दाखवला, ४७ च्या जागी ४० तास होतात दोन रात्रींना, तेवढं तरी कमी करायलाच पाहिजे.

आपल्याकडे खरा प्रश्न ओळखीचा आहे. साहेबांचा फोन, मित्राचा मेहुणा, भिया एक गाडी ॲडजस्ट करून घ्या ना, बुकिंगवाले येतील तेव्हा बघू. आणि आलेला पाहुणा बाराला निघत नाही, त्याला उठवणं तर सोडाच, जेवूनच जा म्हणायची आपली पद्धत. मी भाच्याला सांगितलं जेवायला घाल, जरूर घाल, पण गाडी आधी पिचवरून काढून घराजवळ लावायला सांग आणि मग पानं वाढ. जागा मोकळी झाली की पाहुणचार रात्रीपर्यंत करता येतो. आणि वही. कोणाला कोणती जागा, कधी आला, कधी गेला, सवलत दिली असेल तर का दिली, सगळं वहीत आणि ती वही फाटकाजवळ, कोणीही उघडून बघू शकेल अशी. ओळखीवर जागा द्यायची तर ती पण त्यात लिहावी लागेल आणि तेवढ्यानंच बऱ्यापैकी थांबेल.

शेवटचं जे त्याला सगळ्यात कमी पटलं. सहा जागा केल्या तर पाचच विकायच्या. कोणाची गाडी बाराला चालूच झाली नाही, कोणाला रात्रीतून ताप भरला, सिमरोलच्या घाटात ट्रक उलटून दोन तास रस्ता बंद, अशा वेळी कोणाला तरी कुठेतरी उभं करावंच लागतं आणि तेव्हा ज्यानं पैसे भरून वेळेवर येऊन दाखवलं त्याच्या जागेवर ते होता कामा नये. भाचा म्हणतो मावशी, सीझनमधे एक जागा रिकामी ठेवली तर महिन्याचं नुकसान किती होईल. होईल. बाकी पाच जागांच्या दरात ते थोडं थोडं घाल, लोक देतील, कारण आपल्याला सांगितलेली जागा आपल्याला मिळतेच हे त्यांना कळेल. सहावी जागा फाटकाच्या जवळची असू दे आणि मुरूम सगळ्यात आधी तिथेच टाक, पावसात रात्री उशिरा आलेली जड गाडी तिथेच लावायची आहे.